कडू लागली म्हणून मार्क कापू नका: क्राफ्ट आयपीए चाखायची आणि मार्क द्यायचे कसे

मायक्रोब्रुअरीत गेलं की बहुतेक जण व्हीट बियर नाहीतर सायडर मागवतात, आणि ग्रुपमधल्या एखाद्याने हौसेने आयपीए (इंडिया पेल एल) मागवलीच तर तो ग्लास टेबलभर फिरतो, प्रत्येक जण एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो, कोणीतरी "अरे कारल्याचा रस आणलास का" म्हणतं आणि तिथल्या तिथे मोबाइल काढून दोन स्टार ठोकून मोकळे. आता कडू लागते म्हणून आयपीएचे मार्क कापायचे म्हणजे तिखट लागली म्हणून मिसळीला नापास करण्यासारखं झालं. कडू असणारच ना ती. बघायचं हे असतं की तो कडूपणा कसा आहे, किती वेळ रेंगाळतो, त्याच्या आधी नाकाला काय मिळालं, आणि बनवणाऱ्याने जे करायला घेतलं होतं ते त्याला जमलंय का. हे शिकता येतं, त्यासाठी देवाने वेगळं नाक द्यावं लागत नाही, थोडी शिस्त लागते आणि लिहून ठेवायची सवय. मी जसं करतो तसं क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक, महाराष्ट्रात बियरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि कागदोपत्री परमिटही लागतं, एक दिवसाचं परमिट दुकानात किंवा बारमध्येच मिळून जातं. आणि चाखायला जाताय तर गाडी घरी ठेवा, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि आयपीए साध्या लागरपेक्षा, म्हणजे नेहमीच्या हलक्या बियरपेक्षा, चढी असते, "दोनच तर घेतल्या" हा हिशोब इथे चालत नाही.

आधी माहीत करून घ्या, समोर कुठली आयपीए आहे

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, इंग्रजांनी हिंदुस्थानात पाठवायला जास्त हॉप्स (बियरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून बियर बनवली आणि तीच आयपीए. अर्धी खरी आहे. लंडनच्या पूर्वेला हॉजसनची बो ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथून जवळच लागायची, कॅप्टन लोक तिथली बियर भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला आणून विकायचे. पण जास्त हॉप्सची फिकट बियर इंग्लंडात आधीपासून होती, हॉजसनने ती शोधून काढली असं काही नाही, तिला प्रवास मानवला इतकंच, कारण हॉप्स जंतूंना वाढू देत नाहीत. आणि साधे सोल्जर तर पोर्टर नावाची काळसर बियर प्यायचे, ही फिकट बियर साहेब लोकांची. पुढे १८२० च्या दशकात बर्टन ऑन ट्रेंट गावातल्या ऑलसॉपने तशीच बियर बनवून हॉजसनचा धंदा खाल्ला, बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा एकदम खणखणीत लागतो.

आज आपण ज्याला क्राफ्ट आयपीए म्हणतो ती मात्र अमेरिकेतून आलेली आहे. १९७२ ला कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, १९७५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने त्याची लिबर्टी एल काढली, १९८० ला सिएरा नेवाडाची पेल एल आली आणि पपनसाच्या सालीसारखा वास येणारी बियर लोकांना आवडायला लागली. नंतर तिथल्याच व्हरमाँट राज्यातल्या अल्केमिस्ट ब्रुअरीच्या हेडी टॉपर या बियरने गढूळ, रसाळ आयपीएची लाट आणली, तिला हेझी किंवा न्यू इंग्लंड आयपीए म्हणतात.

इतिहास पुरे. तुमच्या कामाचं एवढंच की मार्क द्यायच्या आधी प्रकार बघा, कारण हेझीला "गढूळ आहे" म्हणून मार्क कापणारे आणि इंग्लिश आयपीएला "आंब्याचा वास कुठाय" विचारणारे दोन्ही बघितलेत. बियर जजेससाठी बीजेसीपी नावाची संस्था आहे, १९८५ पासूनची, तिची स्टाइल गाइड फुकट वाचायला मिळते, त्यातले आकडे साधारण असे: अमेरिकन आयपीए अल्कोहोल ५.५ ते ७.५ टक्के आणि कडूपणा ४० ते ७० आयबीयू, इंग्लिश ५ ते ७.५ टक्के आणि ४० ते ६०, हेझी ६ ते ९ टक्के पण कडूपणा २५ ते ६०, आणि डबल आयपीए ७.५ ते १० टक्के, ६० ते १०० आयबीयू. मेन्यूवर नुसतं "आयपीए" लिहिलं असेल तर वेटरला विचारा, त्याला नाही सांगता आलं तर ब्रुअर आहे का बघा, मायक्रोब्रुअरीचा हाच तर फायदा आहे, बनवणारा माणूस बऱ्याचदा टाक्यांच्या मागेच सापडतो आणि असं काही विचारलं की खूश होतो.

आयबीयू म्हणजे एका लिटरमध्ये कडू द्रव्य किती मिलिग्रॅम, ढोबळमानाने. पण या आकड्यावर फार विसंबू नका. ६५ आयबीयूची गोडसर डबल आयपीए ४५ वाल्या कोरड्या आयपीएपेक्षा मवाळ लागू शकते, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा कडूपणा झाकतो. मेन्यूवरचा आकडा बघून "ही कडक असणार" असं मनात धरलंत की ती कडकच लागते, म्हणून मी तो आकडा शेवटी बघतो.

विकत घेताना तारीख

टॅपवरची असेल तर हा भाग सोडा. कॅन किंवा बाटली घेणार असाल तर मात्र ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच सगळे गाळतात. हॉप्सचा वास हा उडून जाणारा आणि हवेने, उष्णतेने बिघडणारा माल आहे. लागर चार महिने फ्रिजबाहेर राहिली तरी निभावून जाते, आयपीए नाही. ताजी, थंड ठेवलेली आयपीए पहिल्या तीनेक महिन्यांत प्यावी, हेझी तर त्याहून लवकर, महिना-दोन महिन्यांत. लेबलवरची "बेस्ट बिफोर" तारीख यासाठी काही कामाची नाही, ती बियर खराब होत नाही एवढंच सांगते, बनवल्याची तारीख शोधा, कॅनच्या बुडाशी बारीक अक्षरात ठिपक्या-ठिपक्यांनी छापलेली असते, मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो.

एका बियर शॉपीत मला एकदा मोठ्या कौतुकाने बाहेरच्या देशातली हेझी दाखवली गेली, किंमत बघून आधी बूड बघितलं तर सात महिन्यांपूर्वीची, आणि मे महिन्यात फ्रिजच्या बाहेर, काउंटरवर, शोसाठी मांडलेली. ओतली तर रंग पिवळ्याऐवजी मळकट, चहा सांडल्यासारखा, आणि वासात आंबा-बिंबा काही नाही, भिजलेल्या पुठ्ठ्याचा खोका. बनवणाऱ्याचा यात काय दोष, पण मार्क त्यालाच कमी पडणार. म्हणून तारीख लिहून ठेवल्याशिवाय मार्क लिहू नका. तुलनेला इथलीच, जवळ बनलेली बियर घेणं नेहमी शहाणपणाचं, पुण्यात २००९ ला डूलाली सुरू झाल्यापासून टॅपवर ताजी मिळायला लागली, गोव्यात गोवा ब्रुइंग कंपनीची एट फिंगर एडी कॅनमध्ये निघाली, जे काही तुमच्या गावाजवळ बनतं ते बघा. बाटली घ्यायचीच तर तपकिरी काचेची, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्सचं द्रव्य उजेडाने बिघडून एक उग्र, रबरी वास येतो. कॅनला हा प्रश्नच नाही.

तयारी: नाक, ग्लास, थंडावा

चाखायच्या आधी अर्धा-पाऊण तास तिखट खाऊ नका, पान, तंबाखू, सिगरेट, च्युइंगगम काही नको, आणि परफ्यूम फवारून तर मुळीच येऊ नका कारण तुमच्याबरोबर शेजारच्याचंही नाक जातं. घरी करत असाल तर स्वयंपाकघरात फोडणी पडत असताना करू नका, उदबत्ती विझवा. सोबत साधं पाणी आणि साधा पाव. मसाला शेंगदाणे आणि चकली नंतर. सर्दी झाली असेल तर प्या खुशाल, पण मार्क देऊ नका.

ग्लास म्हणाल तर वरून थोडा आत वळलेला हवा, म्हणजे वास कोंडून राहतो. ट्युलिप मिळाला तर उत्तम, नाहीतर घरातला साधा वाइन ग्लास एकदम चालतो. आणि आपल्याकडच्या बारचं ते फ्रीझरमधून काढलेलं बर्फाळलेलं मग, ते नम्रपणे परत करा. त्यात बर्फाचा थर असतो तो बियरमध्ये उतरतो, वास मरतो, आणि कडूपणा तेवढा उरतो, मग माणूस म्हणतो आयपीए नुसती कडू असते.

ग्लास स्वच्छ असणं वेगळं आणि बियरसाठी स्वच्छ असणं वेगळं. ज्या घासणीने तेलकट कढई घासली तिनेच ग्लास घासला की डोळ्याला चकचकीत दिसतो पण तेलाचा अंश राहतो आणि फेस दोन मिनिटांत बसतो. ओळखायचं कसं, बियर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला, फेसाच्या खाली, बुडबुडे चिकटून बसलेले दिसले की समजा ग्लास मळका आहे, स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात, भिंतीला धरून राहत नाहीत. घरी तपासायचं तर ग्लास आतून ओला करून त्यावर मीठ भुरभुरवा, सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक, मधे मधे मोकळे पट्टे राहिले तर तिथे तेल आहे. वेगळी घासणी ठेवा आणि फडक्याने आतून पुसू नका, उलटा करून वाळू द्या.

थंडावा साधारण ७ ते १० अंश. घरचा फ्रिज ४-५ अंशावर असतो, म्हणजे बाहेर काढून दहा-बारा मिनिटं थांबायचं, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाच मिनिटंही पुरतात. अर्धा ग्लास मुद्दाम मागे ठेवा आणि ती कोमट होत जाईल तशी परत चाखा, चांगली आयपीए १२-१३ अंशालाही बोलते, वाईट आयपीएचे सगळे दोष तिथेच उघडे पडतात.

ओतताना ग्लास तिरका धरून सुरुवात, अर्ध्यावर आला की सरळ करून मधोमध, वर दोन बोटं फेस यायलाच पाहिजे. "फेस कमी कर रे" ही आपली जुनी सवय, पैसे वसूल व्हावेत म्हणून, पण फेस फुटतानाच वास बाहेर येतो, तो हवाच.

बघा, पण फार वेळ घालवू नका

बीजेसीपीच्या ५० मार्कांत दिसण्याला फक्त ३ आहेत, त्यावरूनच कळतं त्याला किती भाव द्यायचा. रंग सोनेरी ते तांबूस चालतो, हेझी फिकट पिवळी, संत्र्याच्या रसासारखी गढूळ. फेस पांढरा, बारीक, टिकणारा. पिताना ग्लासला जाळीसारखे पट्टे उरतात ते चांगलं लक्षण. हेझी करडी किंवा तपकिरीकडे झुकलेली असेल तर तिला हवा लागलीये, वही काढून आधीच लिहा, वासात ते सापडणारच आहे.

वास, इथे थांबा

ओतल्याबरोबर लगेच. फोटो नंतर काढा. हॉप्सच्या तेलातली काही द्रव्यं अशी असतात की फार पटकन उडून जातात, आणि आपण तेवढ्यात इन्स्टासाठी अँगल शोधत बसतो.

पहिला वास लांबून, ग्लास नाकाखालून नुसता एकदा फिरवायचा. मग जवळ आणून दोन-तीन छोटे हुंगे, एक मोठा दम नाही, छोटे. मग ग्लासवर तळहात ठेवून हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि लगेच नाक आत. नाक थकलं की, आणि ते थकतंच, स्वतःच्या बाहीचा किंवा कोपराचा वास घ्या, नाक पुन्हा कोरं होतं, जजेस पण हेच करतात.

आता काय शोधायचं. नवीन माणूस इथे अडतो, "बियरसारखा वास येतोय" म्हणतो. मोठ्यातून बारकाईकडे या. फळ आहे का, फूल आहे का, झाडपाला आहे का, की पाव-बिस्किट? फळ असेल तर आंबट जातीचं की गोड? आंबट असेल तर लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, ईडलिंबू यातलं कुठलं? आणि रस की साल? संत्र्याची साल नखाने सोलताना डोळ्यात जो फवारा उडतो तो वास आणि संत्र्याच्या फोडीचा वास हे दोन वेगळे आहेत, अमेरिकन आयपीएत बहुतेक वेळा सालीचा सापडतो. परदेशी टेस्टिंग नोट्समध्ये पॅशनफ्रूट, गूजबेरी, लिची असं येतं, ते तसंच लिहायची गरज नाही. पिकलेला पेरू लिहा, तोतापुरी कैरी लिहा, अननसाचा गाभा लिहा, गवती चहा लिहा, काजूच्या बोंडाचा वास येत असेल तर तो लिहा, कोकणातल्या माणसाला त्यातून जे कळेल ते पॅशनफ्रूटने कळणार नाही. पेरूचा वास काही कल्पनाविलास नाही, काही हॉप्समध्ये गंधकाची द्रव्यं अगदी नाममात्र असतात, पेरूत आणि पॅशनफ्रूटमध्ये त्याच जातीची सापडतात. तीच मंडळी जास्त झाली की मात्र कांदा-लसणाकडे जातात, आयपीएला कांद्याचा वास आला तर तुमचं नाक बिघडलेलं नाही.

हॉप्सची नावं मेन्यूवर असतील तर मदत होते. कॅस्केड आणि सेंटेनियल म्हणजे पपनस आणि फुलं, चिनूक आणि सिमको म्हणजे देवदार, राळ, सिट्रा म्हणजे लिंबू, आंबा, लिची, मोझेकमध्ये आंब्याबरोबर बेरी आणि थोडा पाला, न्यूझीलंडचा नेल्सन सोविन पांढऱ्या वाइनकडे जातो, इंग्लंडचे गोल्डिंग्ज आणि फगल मातकट, फुलांचे, शांत. काही हॉप्सना गांजासारखा वास असतो, त्यात नवल नाही, हॉप आणि गांजा एकाच कुळातली झाडं आहेत. पण आधी हुंगा, लिहा, मग नावं वाचा, उलटं केलं की जे वाचलं तेच नाकाला यायला लागतं.

हॉप्सच्या मागे माल्ट शोधा, पावाचा कडा, बिस्किट, थोडी काकवी. आयपीएत तो मागेच हवा. काकवीच पुढे आली आणि हॉप्स मागे गेले तर बियर जुनी आहे किंवा मुळात तोल चुकलाय.

आणि शेजाऱ्याशी बोलू नका. हे सगळ्यात अवघड. एकाने "आंबा" म्हटलं की टेबलावर सगळ्यांना आंबा येतो. आधी प्रत्येकाने आपापलं लिहायचं, नंतर भांडायचं.

चव आणि तोंडातला अनुभव

नेहमीचा घोट घ्या, वाइनवाल्यांसारखं थुंकू नका, बियर गिळायचीच असते कारण कडूपणा गिळल्यानंतर उलगडतो. शाळेतल्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, पुढे गोड, मागे कडू, ते खोटं आहे, कडू सगळ्या जिभेवर कळतं, पण गिळल्यावर जे रेंगाळतं ते मोजायला गिळावं लागतं. घोट तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. वासाने जे सापडलं नव्हतं ते इथे सापडतं. पहिल्यांदा केलंत की लक्षात येईल की ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकच करतं.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. जीभ कोरी असते, कडूपणाचा दणका बसतो. तिसऱ्या घोटाला बघा.

कडूपणाला तीन प्रश्न विचारा. कधी आला, लगेच की गिळल्यावर? किती वेळ राहिला, दहा-पंधरा सेकंदांत विरला की पाच मिनिटांनंतरही जिभेच्या मुळाशी बसलाय? आणि जात कुठली? मोसंबीच्या सालीतला पांढरा भाग चावल्यावर येतो तो स्वच्छ कडूपणा, मेथीच्या पानाचा थोडा पालेदार, आणि क्रोसिनची गोळी पाण्याशिवाय चघळल्याचा तो खरखरीत, औषधी. पहिले दोन चालतात, तिसऱ्याला मार्क कापा. कडूपणा वाईट असण्याचं कारण बऱ्याचदा जास्त हॉप्स हे नसतंच, जुने हॉप्स, पाण्यातले क्षार किंवा माल्टची सालं जास्त तापमानाला धुतली गेली असं काहीतरी असतं.

कडू आणि तुरट यात गल्लत करू नका. तुरट म्हणजे कच्च्या केळ्याने किंवा सुपारीने तोंड आवळतं ते, ती चव नाही, तोंडाच्या कातडीला होणारी भावना आहे, तिचे मार्क तोंडातल्या अनुभवात जातात. तिथेच बियर पातळ आहे की भरीव, फसफस किती, अल्कोहोलची ऊब घशाला लागते का हे बघायचं. अमेरिकन आयपीए हलकी ते मध्यम आणि शेवटी कोरडी हवी, म्हणजे पुढचा घोट घ्यावासा वाटतो. हेझीत ओट्स आणि गहू घालतात म्हणून ती मऊ, जवळजवळ मलईदार लागते. अगदी ताजी हेझी कधीकधी घशाला खरचटते, हॉप्सचे बारीक कण अजून खाली बसलेले नसतात, दहा-पंधरा दिवसांत जातं ते. आयपीएचं "फ्रेश म्हणजे कालची" असंही नसतं मग.

दोष ओळखायचे

लोणी किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास आणि जीभ गुळगुळीत: यीस्टचं काम पूर्ण व्हायच्या आत बियर काढली, नाहीतर टॅपच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. उकडलेलं मक्याचं कणीस: माल्टचा काढा नीट उकळलेला नाही. हिरवं सफरचंद: बियर कच्ची आहे. भिजलेला पुठ्ठा: हवा लागली. चीज किंवा घामट मोजे: हॉप्स जुने. व्हिनेगर: जंतू शिरले. लवंग: जर्मन व्हीट बियरमध्ये हवीच असते, आयपीएत आली तर नको तो यीस्ट शिरलाय. शंका असेल तर ग्लास दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून दोन मिनिटं गरम करा, लोणी आणि मका लगेच वर येतात.

ब्रुअरीत दोष सापडला तर "बेकार आहे" म्हणू नका, "लोण्यासारखा वास येतोय, बघता का" म्हणा. समजणारा असेल तर स्वतः चाखून बघेल आणि बहुतेक वेळा बदलून देईल. नाही दिली तर वाद घालत बसू नका, वहीत लिहा.

आता मार्क

एवढं झाल्यावरच. बीजेसीपीची वाटणी अशी: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला अनुभव ५, एकूण मत १०, मिळून ५०. ४५ आणि वर म्हणजे अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० जेमतेम, त्याखाली अडचण आहे. नवीन माणूस शाळेच्या हिशोबाने ५० पैकी ४८ देऊन टाकतो किंवा रागाने ५. तसं करू नका, ठीकठाक, दोष नसलेली, पण लक्षात न राहणारी बियर ३० च्या आसपास बसते.

उदाहरण म्हणून एक कागद भरून दाखवतो. अमेरिकन आयपीए, टॅपवरची, ६.२ टक्के. वास: संत्र्याची साल ठळक, मागून देवदार, थोडं बिस्किट, पण दहा मिनिटांत हॉप्स मावळले, ९. दिसणं: गडद सोनेरी, स्वच्छ, फेस टिकला, ३. चव: वासात होतं तेवढं जिभेवर नाही, मधे काकवीचा गोडवा जरा जास्त, कडूपणा स्वच्छ पण गिळल्यावर लांबतो, १३. तोंडात: मध्यम, फसफस बरोबर, तुरट नाही, ४. एकूण: दुसरा ग्लास घेईन, पण गोडवा कमी असता तर आवडली असती, ७. बेरीज ३६. बघा, प्रत्येक आकड्याला कारण आहे. कारण लिहिता येत नसेल तर तो आकडा तुमचा मूड आहे. आधी वाक्य, मग आकडा, हा क्रम उलटवू नका.

याच्या शेजारी मी एक दुसरा रकाना ठेवतो, "मला आवडली का", त्यात फक्त हो, नाही, बरी. मला स्वतःला फार गोड हेझी झेपत नाही, पण म्हणून चांगल्या बनवलेल्या हेझीला २५ देणं हा तिच्यावर अन्याय आहे, तिथे ४० देऊन शेजारी "नाही" लिहितो. अनटॅप्ड या बियर रेटिंगच्या ॲपवर पाच स्टार असतात, पाव-पाव स्टारने, तिथे मात्र लोक आवडनिवडच देतात आणि त्यामुळे चढ्या, गोड, रसाळ बियर वर जातात आणि साधी नीट इंग्लिश आयपीए साडेतीनच्या पुढे सरकत नाही. ते रेटिंग वाचताना एवढं लक्षात असू द्या.

दोन खेळ आणि एक मर्यादा

डोळे मिटून चाखणं घरीही जमतं. कोणीतरी आत ओततं, ग्लासखाली चिठ्ठी चिकटवतं, तुम्हाला ब्रँड माहीत नसतो. महागड्या कॅनचे मार्क कसे उतरतात ते बघायला मजा येते. दुसरा खेळ तीन ग्लासांचा, दोन ग्लासांत एकच बियर, तिसऱ्यात दुसरी, वेगळी कुठली ते ओळखा. सोपं वाटतं, दोन सारख्या आयपीए घ्या मग कळेल.

एका बैठकीत चार-पाच आयपीएच्या पुढे जाऊ नका, तेही ८०-१०० मिलीचे सॅम्पलर, म्हणजे चाखायचे छोटे ग्लास. कडूपणा जिभेवर साचत जातो, पाचव्या बियरला आधीच्या चारांचं ओझं असतं. हलकी आधी, डबल शेवटी. सॅम्पलर ट्रेमध्ये व्हीट, लागर, स्टाउट असं सगळं असेल तर आयपीए शेवटी, तिच्यानंतर व्हीट बियर पाण्यासारखी लागते. मधे पाणी, पाव.

खाणं मार्क लिहून झाल्यावर. आणि तिखटाबद्दल, लोक म्हणतात आयपीए आणि तिखट जमतं, मला नाही पटत, अल्कोहोल आणि कडूपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात, झणझणीत रश्शाबरोबर ६.५ टक्क्यांची आयपीए म्हणजे स्वतःला शिक्षा. तळलेलं घ्या, कोथिंबीर वडी, रवा लावलेली सुरमई, तेलकटपणा ती छान कापते.

वहीत प्रत्येक नोंदीला बियरचं नाव, बनवल्याची तारीख, टॅप की कॅन, ग्लास कुठला आणि त्या दिवशी आधी काय खाल्लं होतं एवढं टाका. मग तीच बियर दोन महिन्यांनी नव्या बॅचची आली की जुनं पान न बघता परत मार्क द्या आणि नंतर ताडून बघा. पाच-सहा मार्कांचा फरक आला तर आधी तारीख बघा, मग ग्लास, बॅच त्याच्यानंतर.